वाक्य क्रमांक एकशे चौदा

दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तनुजा 'भाषाविज्ञान आणि रोजगाराच्या संधी' या विषयावर व्याख्यान द्यायची, आणि दरवर्षी तिला स्वतःला नोकरी नसायची. सलग चार वर्षं. पहिल्या वर्षी तिला उभं राहायचीही लाज वाटली. दुसऱ्या वर्षी तिनं स्वतःवरच एक विनोद केला आणि पोरं खो खो हसली. तिसऱ्या वर्षी तोच विनोद पुन्हा केला. चौथ्या वर्षी विनोदही नाही. पडद्यावर एकेक पान सरकत गेलं, कोशाचं काम, अनुवाद, वाचादोषांवरचे उपचार, कोर्टासाठी आवाज ओळखणं, संगणकाला भाषा शिकवणं, विद्यापीठात अध्यापन. शेवटी 'धन्यवाद' आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण चाळीस मिनिटं बोललो आणि आपल्याला त्यातलं एक वाक्य आठवत नाही.

मागच्या बाकावरच्या एका पोरीनं हात वर करून विचारलं, "मॅडम, यातलं तुम्ही काय करता?"

कुणीतरी त्या पोरीला कोपरानं ढोसलं. तनुजा म्हणाली, "मी हे व्याख्यान देते," आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागली. तिला वाईट वाटलं असेल असं वर्गाला वाटलं. तिला वाईट वाटलं नव्हतं. तीच तर गंमत होती.

ही तनुजा म्हणजे शेंद्रा गावातल्या कुट्यांच्या घरातली थोरली लेक. गावातली पहिली पीएचडी. पदवी मिळाली तेव्हा ग्रामपंचायतीनं शाल-नारळ देऊन सत्कार केला, माईकवरून 'बोलण्याची डॉक्टर' अशी ओळख करून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी घसा बसलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. तिनं त्याला मीठपाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. तो बरा झाला. एवढीच काय ती तिच्या डॉक्टरकीची प्रॅक्टिस.

शहरातल्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जितके तास घेतले तितकी ती प्राध्यापक. दिवाळीच्या सुट्टीत ती त्या कॉलेजची कुणीच नसायची, आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करून कुणीतरी व्हायची. कायमच्या जागेसाठी तिनं सात मुलाखती दिल्या होत्या. सातव्या वेळी तर ज्याची निवड व्हायची होती तो उमेदवार आधीपासूनच तिथं होता, आणि बाहेर बसलेल्या बाकीच्या उमेदवारांना चहा मिळाला का ते बघत होता. मनानं फार चांगला मुलगा. तनुजाला त्यानं बिस्कीटही आणून दिलं. तिनं ते खाल्लं, आत गेली, प्रश्नांची उत्तरं दिली, बाहेर आली, आणि शहरातल्या 'बाबा पेट्रोल पंप' चौकापासून शेंद्र्यापर्यंत बसमध्ये खिडकीशी बसून आली. रडू येईल म्हणून तिनं रुमाल हातात धरून ठेवला होता. आलं नाही. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा होतो? आपलाच असतो, बोट लावलं तर बोटाला कळतं, पण ओठाला कळत नाही. तनुजाचं सगळंच तसं झालं होतं. ओठापासून खाली टाचेपर्यंत.

अशातच ऑगस्टमध्ये हिमांशूचा फोन आला.

हिमांशू मूळचा शहरातल्या समर्थनगरचा, आता बंगळुरूच्या एका कंपनीत मराठीचं काम बघत होता. त्यांची कंपनी एक यंत्र बनवत होती. शेतकऱ्यानं फोन लावायचा, आपल्या भाषेत विचारायचं, आणि यंत्रानं समजून उत्तर द्यायचं. यंत्राला पुण्याचं मराठी झकास कळत होतं. मराठवाड्याचं बोलणं कानावर पडलं की मात्र ते गडबडायचं. तेव्हा इथली माणसं बोलायला लावून त्यांचे आवाज गोळा करायचे होते, आणि त्यासाठी कंपनीला एक भाषा-संशोधक हवा होता. कायमचा. इथंच राहून काम. जागा एक, आणि शेवटपर्यंत आलेले उमेदवार दोन. एक तनुजा आणि दुसरी कोल्हापूरकडची कुणी मुलगी. दोघींनी आपापल्या भागात तीन आठवडे काम करून दाखवायचं. जिचं काम पास होईल तिला पत्र.

आईनं हे ऐकून देवापुढं गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, आता तरी हस की बाई. तनुजा हसली. आईनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, राहू दे.

काम साधं होतं. साठ माणसं, प्रत्येकाची एकशेवीस वाक्यं. त्यात साठीपुढच्या दहा बायका पाहिजेतच, कारण सगळ्यात कमी कुणाचं बोलणं कळत असेल तर ते म्हाताऱ्या बायकांचं. यंत्राला म्हणायचंय मला. त्या दहापैकी नऊ जणींचं काम पास झालं पाहिजे, हा नियम. आता या बायकांना वाचता कुठं येतं? म्हणून फोनवर वाक्य उमटलं की तनुजानं ते वाचायचं, बाईनं मागोमाग म्हणायचं, आणि नीट ऐकून तनुजानं 'बरोबर' असं लिहिलेलं हिरवं बटण दाबायचं. वाक्य अपुरं राहिलं किंवा आजूबाजूचा आवाज आला तर फोन आपोआप अडवायचा, शब्द तेच आहेत का ते मात्र तिनंच बघायचं.

बायकांसाठी जागा मिळाली साळूआजीच्या घरी. साळूबाई ही तनुजाच्या वडिलांची चुलती, म्हणजे नात्यानं आजीच. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. मुलगा औद्योगिक वसाहतीत कामाला, सून संध्या घरी शिलाई करते, नातू सत्यम बारावीला. रस्त्याकडची खोली सगळ्यात शांत, म्हणजे ट्रक जात नसले तर. खिडकीला गादी उभी करून लावली, पंखा बंद केला, आणि बायका एकेक करून येऊन घामाघूम होऊन एकशेवीस वाक्यं म्हणून गेल्या. धमाल आली म्हणे. संध्यानं नंतर गल्लीभर सांगितलं. 'माझ्या खात्यातील व्यवहार तपासा' हे वाक्य म्हणताना एका आजीला इतकं हसू फुटलं की तिला पाणी पाजावं लागलं. तनुजा हिरवं बटण दाबत गेली. पाचव्या दिवशी सगळं बंगळुरूला गेलं.

आठव्या दिवशी अहवाल आला. पुरुष पास. तरुण बायका पास. साठीपुढच्या दहापैकी चौघी नापास.

कारण लिहिलं होतं, 'दिलेल्या वाक्याशी जुळत नाही'. सोबत त्या त्या वाक्यांचे आवाज. तनुजानं कानाला हेडफोन लावला.

पहिल्या आवाजात दिलेलं वाक्य होतं, 'माऊली दुकानातून खत घेऊन आला.' आणि माऊलींची बायको म्हणाली होती, पोराचा बाप दुकानातून खत घेऊन आला. दुसरं वाक्य होतं, 'यंदा कापसाचं पीक उत्तम आलं.' उत्तमरावांची बायको म्हणाली होती, यंदा कापसाचं पीक लई झ्याक आलं. तिसरं, 'कचऱ्याची गाडी आज आली नाही.' आता या बाईंच्या नवऱ्याचं नाव कचरू. अख्खं गाव तिला कचरूची बायको म्हणून हाक मारतं, तीही ओ देते, पण ते नाव तिच्या तोंडातून येणार? नवऱ्याचं नाव तर सोडाच, नवऱ्याच्या नावासारखा दिसणारा कचराही येणार नाही. ती म्हणाली होती, घाणीची गाडी आज आली नाही. आणि चौथं वाक्य, क्रमांक एकशे चौदा. 'नानासाहेब उद्या सकाळी घरी येतील.' साळूआजीचा आवाज स्वच्छ होता, मालक उद्या सकाळी घरी येतील.

प्रत्येक आवाजाच्या शेवटी टक् असा बारीक आवाज होता. तो तनुजाच्या बोटाचा. हिरवं बटण.

दुपारी हिमांशूचा व्हिडिओ कॉल आला. माणूस सभ्य, आवाज चढवणारा नव्हता. त्यानं विचारलं, "हे तुम्ही ऐकलं होतं ना, रेकॉर्ड करताना?"

"ऐकलं होतं."

"आणि तरी बरोबर दाबलंत?"

"हो."

"का पण?"

तनुजानं विचार केला. खोटं बोलायचं तर खूप काही होतं, गर्मी होती, घाई होती, ट्रक जात होते. ती म्हणाली, "कारण ते बरोबरच होतं. कुठली बाई नवऱ्याचं नाव घेईल? मला चूक वाटलीच नाही. मला काही वेगळं झालंय असंच वाटलं नाही."

हिमांशूनं सांगितलं की त्याची आजी भानुमतीबाई, तीसुद्धा नवऱ्याचं नाव घेत नसे, कुठल्या कागदावर लिहायचं झालं तर शेजारणीला सांगायला लावायची. पण, तो म्हणाला, यंत्राला आजी नसते. तनुजानं विचारलं की या बायकांपुरती नावं बदलून देता येतील का. नाही येत. वाक्यांची यादी गोठवलेली होती, त्याच यादीवर आणखी सहा भाषांची कामं चालली होती, आणि गावागावांतली नेहमीची नावं त्यात मुद्दाम टाकली होती. बाई बदलता येईल का? तेही नाही, प्रत्येकीचा आवाज तिच्या नंबरावर नोंदला गेला होता. सोमवारपर्यंत त्याच बायकांकडून तीच वाक्यं पुन्हा म्हणवून घ्यायची. चौघींपैकी तिघी झाल्या तरी पुरे, दहातल्या नऊ होतात.

"नाही जमलं तर?" तनुजानं विचारलं.

"तर मग माझ्या हातात काही राहत नाही," हिमांशू म्हणाला. आणि तो खरंच बोलत होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिनं हे विभागप्रमुख हेमचंद्र सरांना सांगितलं. का सांगितलं, कुणास ठाऊक. सर खुर्चीतून अर्धे उठले. ते म्हणाले, मॅडम, हा तर तयार शोधनिबंध आहे, ऑक्टोबरमध्ये आपलं चर्चासत्र आहे, वाचाच. नवऱ्याच्या नावाला किती पर्याय सापडतात त्याचा तक्ता करा, वयोगट टाका, जातवार बघा. सरांचे डोळे असे चमकत होते की कुणालाही त्यांच्याबद्दल प्रेमच वाटावं. तनुजानं विचारलं, सर, आपल्या जागेची जाहिरात निघणार आहे का? सरांचे डोळे हळूच टेबलावरच्या फायलीकडं गेले. प्रस्ताव वर गेलाय, ते म्हणाले. तो चार वर्षांपूर्वीही वर गेला होता, आणि इतका वर गेला होता की आता दिसतच नव्हता. मग सर म्हणाले, निबंध वाचलात तर प्रमाणपत्र मात्र नक्की.

घरी अशी अकरा प्रमाणपत्रं होती. आईनं ती उशीच्या अभ्र्यात घालून ठेवली होती.

शनिवारी तनुजा निघाली.

माऊलींच्या घरी पाच मिनिटांत काम झालं. बाईनं पदर तोंडात धरला, हसली, लाजली, "चल मेली, काय काय करायला लावतीस म्हातारपनी," असं म्हणाली, आणि एका दमात नाव घेऊन मोकळी झाली. मग अजून दोनदा उगाचच घेतलं. उत्तमरावांच्या घरी उत्तमराव स्वतः उंबऱ्यात बसले होते. बायको मान हलवत राहिली तेव्हा तेच वैतागले. "म्हण की. इतकी वर्षं नाव घेतलं नाहीस म्हणून मला काय लई सुखात ठेवलंस?" बाई चिडून इतक्या मोठ्यानं 'उत्तम' म्हणाली की फोनमधला काटा लाल झाला, आणि ते पुन्हा घ्यावं लागलं. तरीही झालं. दोघी झाल्या.

कचरूच्या बायकोनं तनुजाला आत घेतलं, पाणी दिलं, गूळ दिला, आणि नाही म्हणाली. रागानं नाही, भांडणानं नाही. कचरू आत खाटेवर पडून होता, गेला महिनाभर घाटीच्या सरकारी दवाखान्यात ने-आण चालली होती. बाईनं आतल्या दाराकडं बघितलं, मग तनुजाकडं बघितलं. तनुजा पाणी पिऊन उठली. तिथं आणखी बसण्यात अर्थ नव्हता.

म्हणजे आता राहिली एकटी साळूआजी. सगळी नोकरी येऊन त्या एका बाईच्या एका वाक्यावर टेकली.

साळूआजी लसूण सोलत बसली होती. संध्या दळणाला गेली होती, सत्यम क्लासला. तनुजानं गादी खिडकीला लावली, पंखा बंद केला, आणि समोर बसली. तिनं सरळच सांगितलं की एक वाक्य राहिलंय, त्यात आजोबांचं नाव आहे.

"मग म्हनले व्हते की मी," साळूआजी म्हणाली.

"तू मालक म्हणालीस."

"मग मालकच ना ते. दुसरं कोन हाय?"

तनुजानं समजावून सांगितलं. यंत्राला मालक चालत नाही, नावच लागतं. साळूआजीनं सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि लसूण सोलत राहिली. तेव्हा तनुजा म्हणाली, "आजी, आता तर ते नाहीत. आता नाव घेतलं तर काय होणार आहे?"

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. अशा वेळी पोटात काहीतरी हलतं. तिनं वाट बघितली. काही हललं नाही.

साळूआजीचे हात थांबले. "आयुष्य कमी व्हतं म्हनून पयलं घेत नव्हते," ती म्हणाली. "मंग सवय झाली. मंग ते गेले. आता बग, जमीन कंपनीत गेली. कपडे मी वाटले. सायकल सत्यमनं भंगारात घातली, इचारलं बी नाय. त्येंच्या फोनचा नंबर, मी एकदा लावला व्हता, तर कुनी भलताच उचलतोय. समदं वापरून झालं माय. नाव तेवढं मी वापरलं नाय. माझ्यापाशी ते कोरं हाय."

तनुजाच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही की हे वाक्य शोधनिबंधाच्या सुरुवातीला फार चांगलं शोभेल. दुसरी गोष्ट आली ती ही की फोन अजून सुरू केला नाही, हे रेकॉर्ड झालं नाही. तिसरी गोष्ट आलीच नाही.

"तुझी नोकरी यावर अडली व्हय?" साळूआजीनं विचारलं.

"हो."

"खरंच?"

"खरंच आजी. दोघी झाल्या. एकीनं नाही म्हटलं. आता तूच राहिलीस."

साळूआजीनं लसणाची ताटली बाजूला सारली. हात पदराला पुसले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठून मोरीत जाऊन धुऊन आली. भिंतीला टेकून बसली. विचारलं, किती येळा म्हनायचं.

"एकदाच," तनुजा म्हणाली.

फोनवर वाक्य उमटलं. तनुजानं ते वाचलं. साळूआजीनं डोळे मिटले.

"नानासाहेब," ती म्हणाली.

आणि थांबली. आवाज बारीक होता, दारातून आत डोकावून हाक मारावी तसा. पुढचं वाक्य ती म्हणेना. मान जरा एका बाजूला कलली होती, आतून कुणी ओ देतंय का ते ऐकावं तशी. खोलीत इतकी शांतता होती की तनुजाला फोनमधले सेकंद दिसत होते. सात, आठ, नऊ. दहाव्याला फोन थरथरला. वाक्य अपुरं. पुन्हा म्हणा.

"काय झालं?" साळूआजीनं डोळे उघडले.

"पूर्ण वाक्य म्हणावं लागेल आजी. 'उद्या सकाळी घरी येतील' पर्यंत."

साळूआजी पुन्हा म्हणाली. सगळं म्हणाली, पण 'येतील'चं 'ती' यायला आणि वसाहतीतला दुपारच्या पाळीचा भोंगा व्हायला एकच गाठ पडली. फोन पुन्हा थरथरला. आजूबाजूचा आवाज. पुन्हा म्हणा. तनुजानं भोंगा थांबेपर्यंत हात वर धरून ठेवला, शाळेत बाई धरतात तसा. साळूआजी त्या हाताकडं बघत बसली.

तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. मानही कलली नाही. 'माझ्या खात्यातील व्यवहार तपासा' जसं म्हणाली होती तसंच म्हणाली, "नानासाहेब उद्या सकाळी घरी येतील." एका सुरात, एका दमात.

फोनवर हिरवी खूण आली.

"झालं?"

"झालं."

साळूआजी उठली, पंखा लावला, म्हणाली लई उकडत व्हतं, आणि चहा टाकायला आत गेली. तनुजानं गादी खाली घेतली. चहा प्यायली. साखर जास्त पडली होती, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त.

खोलीत रेंज नव्हती, म्हणून तनुजा वसाहतीतल्या कारखान्याच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिथून तिन्ही आवाज पाठवले. जायला चार मिनिटं लागली. पाळी सुटलेली माणसं डबे हलवत तिच्या बाजूनं जात होती, त्यातल्या कुणीतरी विचारलं, काय ताई, बसची वाट बघता का? ती हो म्हणाली.

गुरुवारी पत्र आलं. पद, भाषा-संशोधक. कायम. हिमांशूनं फोन करून अभिनंदन केलं आणि सांगितलं की कोल्हापूरकडच्या मुलीच्या बायका नापास झाल्या. कशामुळं, ते तनुजानं विचारलं नाही.

आई रडली, वडील रस्त्यावर जाऊन दोन-चार जणांना उगाचच थांबवून आले, हेमचंद्र सरांनी विभागात सगळ्यांसमोर हात मिळवला आणि पुढच्या जुलैत व्याख्यानाला बाहेरची पाहुणी म्हणून यायचं निमंत्रण दिलं. तनुजा आनंद येईल म्हणून थांबली. शुक्रवारी थांबली, शनिवारी थांबली. आनंद काही वाईट माणूस नव्हे, त्याला कदाचित पत्ता सापडत नसेल. रविवारी तिनं थांबायचं सोडलं आणि सोमवारी कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं वाक्यांची यादी बदलायचं विचारलं. हिमांशू म्हणाला, मुद्दा अगदी बरोबर आहे, पुढच्या वर्षीच्या यादीत नक्की बघू.

पेढे घेऊन ती साळूआजीकडं गेली ती पंधरा दिवसांनी. आधी जमलं नाही असं तिनं सांगितलं. संध्या मशीनवर ब्लाउज शिवत होती, साळूआजी दारात बसली होती. तनुजा पाया पडली. साळूआजीनं तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, पेढ्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि चघळत म्हणाली, "नानासाहेबांना पेढा लई आवडायचा."

संध्याचं मशीन थांबलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं सासूच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. ती तनुजाकडं बघायला लागली. साळूआजीच्या मात्र काही लक्षातही आलं नाही. तिनं दुसरा तुकडा घेतला.

मग तिनं नोकरीचं विचारलं. पगार किती ते नाही विचारलं, काम काय ते विचारलं.

"हेच काम आजी," तनुजा म्हणाली. "आता चार जिल्हे दिलेत. म्हाताऱ्या बायाच चारशे आहेत."

"तीच वाक्यं?"

"तीच."

"नावाची बी?"

"नावाची बी."

साळूआजीनं थोडा वेळ रस्त्याकडं बघितलं. एक ट्रक गेला, त्याचा धुरळा खाली बसला. मग ती, एखादी भाजी कशी करायची ते सांगावं तशी, अगदी शांतपणे म्हणाली, "मंग त्येंना पयलंच सांगत जा, तीनदा म्हनावं लागतंय. एकदाच म्हनायचंय असं नको सांगू."

तनुजानं मान हलवली. पर्समधून फोन काढला आणि बाहेरगावी जाताना बरोबर न्यायच्या सूचनांची यादी उघडली. पंखा बंद ठेवावा, खिडकीला गादी लावावी, भोंग्याची वेळ आधी विचारून घ्यावी, असं त्यात लिहिलेलं होतं. त्याच्या खाली तिनं तेही लिहून घेतलं.